मेथी, रद्दी आणि मोरचूद

काळ्या मातीचा बैल टिकत नाही. राळेगावच्या पोट्ट्यांना हे कळायला एक पोळा पुरतो. अमावस्येच्या दोन दिवस आधी वावराच्या धुऱ्यावरून ओली माती उकरून आणायची, ओसरीवर बसून बैल करायचा, वशिंड काढायचं, शिंगं लावायची अन् पावसानं जरा उघाड दिली की सांदवाडीत वाळत ठेवायचा. संध्याकाळी मानेवर भेग. दुसऱ्या दिवशी एक शिंग खाली. पोळ्याच्या दिवशी पाटावर मांडताना तीन पायांचा बैल भिंतीला टेकवून उभा करावा लागे, आणि माय त्यालाही तितक्याच भक्तीनं हळदकुंकू लावी.

यात पोट्ट्यांच्या हाताचा दोष नव्हता, मातीचा होता. आमच्याकडची काळी जमीन म्हणजे बेसाल्ट खडक झिजून झालेली माती. तिच्यातला चिकणमातीचा जो प्रकार आहे, त्याला शास्त्रात माँटमोरिलोनाइट म्हणतात. तो पाणी पिऊन फुगतो आणि सुकताना तेवढाच आक्रसतो. वैशाखात वावराला पडलेल्या भेगेत माझा हात कोपरापर्यंत जायचा. हीच माती ओल धरून ठेवते म्हणून नुसत्या पावसावरचा कापूस तिच्यात तगतो. म्हणजे कापसाला जे मानवतं, ते बैलाला मानवत नाही. कुंभारकाका काळ्या मातीला हात लावत नसत. ते नदीकाठची माती आणत, चाळत, तुडवत आणि त्यात घोड्याची लीद मिसळत. लीदीतल्या बारीक काड्या सुकणाऱ्या मातीला आतून धरून ठेवतात. घराच्या भिंतीच्या गाऱ्यात कुटार घालायचं तेही त्याचसाठी.

माय कुंभाराघरची नव्हती, पण तिनं ही गोष्ट बरोबर हेरली होती. वेचणीत जो कवडी कापूस निघतो, डागी, किडका, ज्याला बाजारात कोणी विचारत नाही, तो ती पिंजून ठेवी. भुलाबाई करायची वेळ आली की मातीत तो चिमटी चिमटीनं टाकून मळी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर भुलाबाई आणि भुलोजी आमच्या ओसरीवर मांडलेले असत. रोज संध्याकाळी पोरी जमत, गाणी होत, खिरापत ओळखायचा खेळ होई. महिनाभर त्या मूर्तीला भेग जाऊन चालत नसे. पुढे मला कळलं की शाडूच्या मूर्ती घडवणारे मूर्तिकारही मातीत कापूस घालतात. मायनं ते कुठं पाहिलं असेल असं मला वाटत नाही. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या बाईला ते सुचावं यात नवल काय!

पण कापूस घातला तरी मातीची मूर्ती जड ती जडच, आणि हातातून पडली की संपली. पोरांच्या हातात टिकेल असं काही हवं असेल तर आमच्याकडे एकच उत्तर होतं, ते म्हणजे लगदा.

लगद्याची टोपली विदर्भातल्या जुन्या घरांत अजूनही एखादी सापडेल. उन्हाळ्यात शेवटची वेचणी आटपली, वावरातली कामं थंडावली की बायका ते काम काढीत. शाळेची परीक्षाही तेव्हाच संपलेली असे आणि थोरल्या पोरांच्या वह्या मोकळ्या होत. त्या वह्या, किराण्याच्या पुड्यांचे कागद, नागपूरहून येणारं एखादं वर्तमानपत्र, असं सगळं बारीक फाडून गंजात भिजत घालायचं. चार दिवस रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशीचं पाणी शाईनं निळं होई, चौथ्या दिवशीचं जवळजवळ स्वच्छ. माय म्हणे, "निळं पानी निघेस्तोर हात नाही लावाचा." मग तो कागद उखळात कुटायचा. हे काम दोन बायांचं, कारण ओला कागद मुसळाला चिकटून वर येतो आणि एकीनं तो सारखा खाली ढकलावा लागतो. कागदाचा धागा पुरता सुटला पाहिजे, अक्षर दिसता कामा नये. कुटून झालं की पिळून गोळा करायचा, अगदी कोरडा नाही, मुठीत दाबला तर बोटांतून थेंब यावा इतपत ओला.

आता मेथी. शेरभर कोरड्या कागदाला पावभर मेथी असा आमच्या घरचा अंदाज होता. आदल्या रात्री भिजवायची, सकाळी पाट्यावर गंधासारखी वाटायची. मेथीदाणा भिजला की त्यातून बुळबुळीत चीक सुटतो, तोच इथं डिंकाचं काम करतो. शास्त्रात त्याला गॅलॅक्टोमॅनन म्हणतात. वाळला की तो कागदाचे धागे एकमेकांना घट्ट धरतो. शिवाय मेथी कडू, तिला वास, त्यामुळं किडीचाही थोडा बंदोबस्त होतो. वाटलेली मेथी लगद्यात घालून कणकेसारखी तास-अर्धा तास मळायची. गुंड पालथा घालून त्यावर ओलं फडकं पसरायचं आणि लगदा बोटाच्या अर्ध्या पेराएवढा जाड थापायचा. पहिले दोन दिवस सावलीत, मग उन्हात. एकदम उन्हात ठेवलं तर वरून वाळतो, आतून ओला राहतो आणि बुरशी धरते. सुटून आलेल्या टोपलीला वरून पुन्हा मेथीचा हात द्यायचा, वाटलं तर गेरूचा. अशा टोपलीत शेवया, वड्या, पापड, लाह्या, पाणी सोडून सगळं राहत असे.

टोपली थापून जो लगदा उरे तो आमचा. त्याचे बैल केले, बाहुल्यांची डोकी केली, भुलोजीची पगडी केली. लगद्याचा बैल सुकताना सगळीकडून सारखा आखडतो, भेग घेत नाही, ओट्यावरून पडला तर उडून पुन्हा उभा राहतो. तान्ह्या पोळ्याला सावकाराघरची पोरं लाकडी नंदी घेऊन निघत. आमच्या बैलाला चाकं नव्हती, पण शिंगं शेवटपर्यंत शाबूत असत.

आता जे सांगायचं आहे ते याच उरलेल्या लगद्याबद्दल.

लगद्याला उधई लागते, कसर लागते, उंदीर तर लागतोच. आजीजवळ त्यावर जुना उपाय होता. वाटलेल्या मेथीत ती मोरचुदाचा एक खडा कुटून घाली. हा उपाय काही तिच्या एकटीचा नव्हता. पुस्तकं बांधणारे आपल्या खळीत मोरचूद घालत, कारण त्यानं कीड लागत नाही. मोरचूद म्हणजे तांब्याचं सल्फेट. दिसायला निळ्या खडीसाखरेसारखं, आणि पोटात गेलं तर ओकाऱ्या होतात, आतडी सोलून निघतात, यकृत आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. टोपलीत मोरचूद असली तर उधई लागत नाही हे खरं. पण त्याच लगद्याचा उरलेला गोळा पोरांच्या हातात जातो हेही खरंच.

आणि आमच्या घरी माझा धाकटा भाऊ होता. दीड-दोन वर्षांचा असेल. माती खाणारं पोर. भिंतीचा पोपडा, चुलीजवळचा कोळसा, पाटीची पेन्सिल, काही सोडायचा नाही. अशा पोरांच्या रक्तात बहुधा लोह कमी असतं, हे आज आरोग्यसेविकाही सांगेल. तेव्हा त्याला मार बसायचा. मायनं मारलं नाही. तिनं काय केलं, तर जे जे त्याच्या हाताशी येईल ते आधी स्वतःच्या जिभेला लावून पाहायचं ठरवलं. आणि त्या उन्हाळ्यात लगदा मळायला बसल्यावर आजीनं मोरचुदाची पुडी काढली तेव्हा ती म्हणाली,

"आत्याबाई, यंदा ते नका घालू."

"नाही घातलं तं उधई खाईन नं टोपलं."

"खाऊ द्या उधईले. पोरानं खाल्लं तं कोनाले सांगू?"

आजीला ते लागलं. तीस वर्षं तिनं हा लगदा केला होता आणि तिच्या हातून कोणी मेलं नव्हतं. दोघी आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नाहीत. त्या वर्षी टोपल्या दोन जागी थापल्या गेल्या, आजीच्या मोरचुदाच्या आणि मायच्या बिनमोरचुदाच्या. पोरांना खेळायला दिला तो मायचा लगदा.

हे भांडण मिटलं, पण ते समजुतीनं मिटलं नाही.

सन १९७० मध्ये गुजरातेत सुरतच्या संशोधन केंद्रातून एच-४ हा संकरित कापूस बाहेर पडला. संकरित कापसाचं जगातलं ते पहिलं व्यापारी वाण. पुढच्या काही वर्षांत संकरित कापूस आमच्याकडेही आला. तो पिकायचा भरपूर, पण त्याला बोंडअळीही भरपूर. मग फवारा आला. फवाऱ्याबरोबर एंड्रिन आलं. डबा चांगला जाड पत्र्याचा, झाकणाचा. गरिबाच्या घरी असा डबा कोण फेकतो? राखेनं घासून त्यात कोणी रॉकेल ठेवी, कोणी बियाणं, कोणी पाणी. आमच्या गल्लीत एका घरी अशाच डब्यातलं पाणी पोरगं प्यायलं. चार वर्षांचं होतं. बैलगाडीतून दवाखान्याकडे नेता नेता वाटेतच गेलं. त्या घराचं नाव मी लिहीत नाही. त्या मायनं पुढे कितीतरी वर्षं कोणाच्याही घरी पाणी घेतलं नाही.

त्या दिवशी संध्याकाळी आजीनं मोरचुदाची पुडी स्वतः नेऊन पांदणीपलीकडं खड्डा करून पुरली. मायला काही म्हणाली नाही. पुढच्या उन्हाळ्यात लगदा एकच झाला. त्यातली एक टोपली दोन वर्षांनी उंदरांनी काठावर कुरतडली तेव्हा मायनं ती आजीपुढं नेऊन ठेवली. आजीनं काठ फिरवून पाहिला अन् म्हणाली, "उंदरानं खाल्ली, अन् मेला नाही. चांगली हाय." आमच्या घरात विनोद म्हणून पुढे ते वाक्य फार वापरलं गेलं. एखादा पदार्थ बिघडला तरी म्हणायचं, उंदरानं खाल्ला तर मरणार नाही.

एंड्रिनवर आपल्या देशात बंदी आली ती १९९० साली.

जुनं ते सगळं निर्धोक आणि नवं ते विषारी, असं मात्र मी म्हणणार नाही. आपले जुने रंगच पाहा. देवाला फासतो तो शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. हिंगूळ म्हणजे पारा. पोथ्या लिहिणारे चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ लावत, त्यातून हरताळ फासणं हा शब्दप्रयोग आला. तो हरताळ म्हणजे सोमल-गंधकाचं संयुग. आजीचा मोरचूद याच घराण्यातला. फरक एवढाच की या वस्तू पूर्वी घरात गुंजभर येत आणि जपून ठेवल्या जात. कापसाच्या नव्या शेतीनं विष डब्याडब्यानं घरात आणलं.

आमच्या शाळेत एक गुरुजी होते, ते बुनियादी शिक्षणात तयार झालेले. वर्धा नदी ओलांडली की पलीकडं वर्धा जिल्हा, त्यामुळं सेवाग्रामचं वारं आमच्याकडं लवकर यायचं. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली, डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनं आराखडा केला आणि नई तालीम सुरू झाली. मगनवाडीत कुमारप्पांचा ग्रामोद्योग संघ होता, तिथं हातकागद होई. १९३८ च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते मगन संग्रहालय उघडलं. गुरुजी आमच्याकडून मातीकाम आणि कागदकाम दोन्ही करून घेत. त्यांच्या विचारात एक गोष्ट मला तेव्हाही खटके. केलेली वस्तू उपयोगी हवी, जमलं तर विकता यायला हवी. टोपली केली की शाबासकी, बैल केला की "याचं काय करणार?" मूल उगाच काही घडवतं, मोडतं, पुन्हा घडवतं, याला त्या तालमीत फार जागा नव्हती. ती जागा आम्हाला घरच्या ओसरीवर मिळाली.

उगाच घडवण्यासाठीचा पदार्थ परदेशात मात्र आधीच निघाला होता. इंग्लंडात बाथ या गावी विल्यम हार्बट नावाचे चित्रकलेचे मास्तर होते. त्यांच्या विद्यार्थ्यांची अडचण अगदी आमचीच, माती फार लवकर सुकते. १८९७ मध्ये त्यांनी न सुकणारी माती तयार केली, तिचं नाव प्लॅस्टिसीन. चुन्याचे क्षार, पेट्रोलियम जेली आणि मेणासारखी आम्लं यांचं ते मिश्रण. दुसरी कथा अमेरिकेतल्या सिनसिनाटीची. तिथं एक कंपनी भिंतीच्या कागदावरची कोळशाची काजळी पुसायला कणकेसारखा गोळा विकत असे. घरं गॅसनं ऊबदार होऊ लागली, काजळी गेली, गोळ्याचा खप बसला. मालकाच्या नात्यातली एक बालवाडी शिक्षिका, के झुफॉल, तिनं तो गोळा पोरांच्या हातात देऊन पाहिला. त्यातून १९५६ साली प्ले-डो बाजारात आलं. मुख्यतः गव्हाचं पीठ, पाणी आणि मीठ.

१९५६ हे साल वाचलं तेव्हा मी थांबले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या सरकारनं अमेरिकेशी पीएल-४८० कायद्याखाली धान्याचा पहिला करार केला. म्हणजे तिकडं गहू पोरांच्या खेळण्यात गेला आणि इकडं तोच गहू जहाजातून खायला आला. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो मिळे, त्याची भाकरी मी खाल्ली आहे. आमच्या घरात गव्हाची पोळी सणाची. त्या घरात कोणी मला कणकेचा बैल करायला दिला असता तर आजीनं आधी त्याला चांगलं फैलावर घेतलं असतं. मायच्या मनात कसोट्या दोन होत्या: पोरानं तोंडात घातलं तर काही होऊ नये, आणि पोराच्या ताटातलं काही त्यासाठी जाऊ नये. रद्दी, कवडी कापूस, मूठभर मेथी. मेथी तेवढी खाण्याची, तीही पाव शेर.

मी १९८४ मध्ये जिल्हा परिषदेच्या शाळेत लागले. पुढे एका प्रशिक्षणात आम्हाला खेळण्याची कणीक शिकवली गेली: दोन वाट्या मैदा, वाटीभर मीठ, चमचाभर तेल, थोडं लिंबू, दोन वाट्या पाणी, मंद आचेवर घोटायचं. मऊ होते, छान होते, मीठामुळं आठवडाभर टिकते. शेजारी बसलेल्या अंगणवाडीच्या एका ताईनं मला हळूच विचारलं, "मॅडम, अन् मंग हे फेकाचं काय?" आणि विषाच्या बाजूनं पाहिलं तरी ती कणीक पूर्ण निर्धोक नाही. एवढं मीठ लहान मुलाच्या पोटात गेलं तर त्रास होतो. बिनविषारी म्हणजे खाण्याचं नव्हे, हे पुडक्यावर लिहिलेलं असतं, पण दोन वर्षांच्या पोराला वाचता कुठं येतं? माझ्या वर्गात मी लगदाच ठेवला. रंगाला हळद, गेरू, आणि फाल्गुनात पळसाची फुलं उकळून. आमच्याकडं पळसाला तोटा नाही.

नियम हळूहळू येत गेले. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. ते महिने यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. त्याच हंगामात फवारणी करता करता आमच्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेनं गेले आणि शेकडो जण यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात भरती होते. भिंतीच्या रंगातलं शिसं मोजायला आपण शिकलो, आणि सालगड्याच्या पाठीवरच्या पंपात काय काय मिसळलं होतं ते कोणी मोजत नव्हतं. खेळण्यांसाठी गुणवत्तेची सक्ती १ जानेवारी २०२१ पासून आली. चांगलीच झाली. बाजारात दहा-वीस रुपयांना मिळणाऱ्या रंगीत मातीच्या डब्या आता पालथ्या करून त्यावरचा शिक्का पाहता येतो. गणपतीच्या बाबतीत केंद्रीय प्रदूषण मंडळानं २०२० मध्ये प्लास्टरच्या मूर्तींविरुद्ध सुधारित सूचना काढल्या. तेव्हापासून दर श्रावणात कोणी ना कोणी मला लगद्याच्या गणपतीची कृती विचारायला येतं.

मी सांगते, पण दोन गोष्टी बदलल्या आहेत. उखळ गेलं, मिक्सर आला, त्यामुळं कुटण्याचं काम दहा मिनिटांचं झालं. पण मिक्सरचं ते भांडं पुन्हा स्वैपाकाला घ्यायचं नाही, ते वेगळं ठेवायचं. दुसरं म्हणजे कागद. पूर्वीची वही भिजली की विरघळायची. आता मुखपृष्ठावर प्लास्टिकचा पापुद्रा असतो, चकचकीत मासिकाच्या कागदावर खनिजाचा लेप असतो, त्याचा धागा सुटत नाही, नुसता चिखल होतो. म्हणून रद्दी निवडायची पोरांनीच: बोटानं फाडून पाहायची, फाटलेल्या काठाला लव दिसली तर घ्यायचा, नाही तर बाजूला. पिना काढायच्या. पोरांना हे काम बैल करण्याइतकंच आवडतं.

आणि मेथी विकतची असेल तर आधी दोन पाण्यांनी धुवून घ्यायची. पेरणीसाठी आणलेलं, औषध लावलेलं बियाणं कधीच वापरायचं नाही, ते कितीही स्वस्त मिळालं तरी. अंगणवाडीच्या बायांना मी हे पहिल्यांदा सांगते, प्रमाण नंतर.